तिसऱ्या खिडकीजवळची जागा

ताईंना नमस्कार.

मी साक्री तालुक्यातल्या पांझरेकाठच्या एका गावाहून धुळ्याला कॉलेजला अप-डाऊन करते. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. सकाळी मुक्कामी गाडीने निघते. लेक्चर बाराला संपतात, प्रॅक्टिकल असलं तर तीन वाजतात आणि आमच्या गावाकडची गाडी साडेचारला. पहिल्या वर्षी हा मधला वेळ मी जिन्यात, झाडाखाली, नाहीतर स्टँडवर काढला. मग कॉलेजने जुनी स्टोअर रूम रिकामी करून विद्यार्थ्यांना बसायला एक मोठी खोली केली. पाटीवर ‘स्टुडंट लाऊंज’ लिहिलंय, आम्ही कट्टा म्हणतो. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, मुलं-मुली, सगळ्यांना खुली. तिसऱ्या खिडकीजवळचं टेबल आमचं ठरलेलं आहे. जी आधी येते ती बाकीच्यांसाठी बॅगा ठेवते. याच खोलीत एका सिनियर ताईने माझा महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा, फॉर्म भरून दिला. इथेच धडगावकडच्या एका मुलीशी मैत्री झाली, तिच्यामुळे मला आता थोडी पावरी बोली कळते. या खोलीने मला खूप दिलंय.

पण आप्पांना वाटतं, कट्टा म्हणजे टवाळक्या. म्हणून घरी मी लायब्ररीत होते असं सांगते. मैत्रिणी म्हणतात, ‘फी भरतो आपण, आभार कसले?’ त्यात महिन्याभरापासून खोलीत कचरा फार होतोय, टेबलांवर खरकटं असतं, कोणी मोठ्याने रील्स लावतं. आता नोटीस लागली आहे की सुधारणा झाली नाही तर दुपारी बारानंतर कुलूप लागेल. एप्रिलमध्ये परीक्षा झाली की मी जाणार. त्याआधी या खोलीसाठी काहीतरी करावंसं वाटतं. एका खोलीचे आभार मानावेसे वाटणं हा वेडेपणा आहे का? आणि मानायचे तर कोणाचे?

– तिसऱ्या खिडकीजवळची

*

बेटा,

नाही, यात वेडेपणा काही नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी अशी खोली नव्हती म्हणून शिक्षणातून गेली, त्या अनुभवावरून सांगते.

1983 साली मी खानदेशातल्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आम्ही सहा जणी सकाळच्या पॅसेंजरने यायचो, परतीची गाडी संध्याकाळी. तास साडेअकराला संपायचे. कॉलेजात ‘लेडीज रूम’ अशी पाटी असलेली एक खोली होती आणि तिला कायम कुलूप असायचं. किल्ली ऑफिसात. मागायला गेलं की चार माणसांसमोर प्रश्न यायचा, ‘कशाला पाहिजे?’ पाळीच्या दिवसांत या प्रश्नाला काय सांगायचं, हे आम्हाला कधीच सुचलं नाही. हळूहळू आम्ही किल्ली मागणंच सोडलं. लायब्ररीच्या जिन्यात बसायचो. तिथून उठवलं की स्टँडवर. उन्हाळ्यात आपल्याकडचा पारा चाळिशीच्या किती वर जातो ते तुला सांगायला नको. त्या दिवसांत जिन्याची सावली जशी सरकायची तशा आम्ही सरकायचो. डबा मांडीवर उघडायचा, पाणी प्यायचं नाही, कारण प्यायलं की पुढची अडचण. दिवसदिवस पाणी न पिता काढलेत आम्ही.

आमच्यातली एक गणितात फार हुशार होती. सर फळ्यावर उदाहरण पुरं करायच्या आत तिच्या वहीत उत्तर असायचं. गावातल्या कुणीतरी तिला स्टँडवर बसलेली पाहिली आणि घरी सांगितलं. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, ‘कॉलेज साडेअकराला सुटतं, तर पाचपर्यंत तू असतेस कुठे?’ तिच्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. जिना म्हणणार? स्टँड म्हणणार? दुसऱ्या वर्षाला ती आली नाही. मी पुढे शिकले, प्राध्यापक झाले, निवृत्तही झाले. गणिताचा कुठलाही वर्ग पाहिला की मला अजून तिची वही आठवते.

तेव्हा तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते नोटिशीचं नाही, ‘लायब्ररीत होते’ हे वाक्य टोचलं. तुझ्याकडे बोट दाखवायला जागा आहे आणि तू ती लपवतेस. उद्या गावातला कुणी ओळखीचा त्या खोलीत तुला पाहील. तू पुस्तक उघडून बसलेली असलीस तरी घरी पोचेल ते एवढंच की मुलगी लायब्ररी सांगते आणि बसते भलतीकडे. त्या दिवशी आप्पांच्या लेखी खोली खोटी ठरेल आणि तूही. जिने तुझं काही वाईट केलं नाही त्या खोलीवर हा डाग तुझ्या हाताने लागेल. म्हणून पहिली गोष्ट ही ठरव, की घरी खरं सांगायचं. कसं सांगायचं ते शेवटाकडे सांगते, कारण त्याआधी तुला स्वतःलाच खोलीकडे थोडं वेगळं बघावं लागेल.

मैत्रिणींच्या ‘फी भरतो’ या बोलण्याला मी टाकाऊ समजत नाही. हक्काची जाणीव आमच्या पिढीत असती तर आम्ही किल्ली मागताना मान खाली घातली नसती. बसायला जागा, प्यायला पाणी, स्वच्छ बाथरूम ही कुणाची मेहेरबानी नव्हे, हे पहिलं. पण हिशेब मांडायचाच तर पुरता मांडू. तुझ्या एस.टी.च्या पासाला 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे तुझ्या प्रवासाच्या दर तीन रुपयांतले दोन दुसरं कुणीतरी भरतं. कॉलेज अनुदानित असेल तर शिकवणाऱ्यांचे पगार शासनाच्या तिजोरीतून येतात. महाडीबीटीवरून येणारी शिष्यवृत्तीही तिथूनच. त्या तिजोरीत साक्रीच्या शेतकऱ्याचा पैसा आहे आणि ज्या बाईने कॉलेजची पायरी कधी चढली नाही तिने काडीपेटीवर भरलेला करही आहे. फीच्या पावतीने खोलीचा एक पंखासुद्धा पुरता विकत घेतलेला नाही. आणि पावतीवर कधीच नसतात अशा गोष्टी तर तू स्वतःच लिहिल्यास. सिनियर मुलीने तासभर बसून फॉर्म भरून दिला, त्याची फी कुणी भरली? धडगावच्या मुलीने तुला पावरी शिकवली, ती कोणत्या हेडखाली धरायची?

हे दोन्ही एकत्र नांदतात गं. हक्क म्हणून मागावं आणि मिळाल्यावर जीव लावावा. शेतातलं पाणी हक्काचं असतं, म्हणून पाटाला कुणी लाथ मारत नाही.

आता तुझ्याच पत्रातली एक ओळ तुला परत वाचायला सांगते. ‘टेबल आमचं ठरलेलं आहे. जी आधी येते ती बाकीच्यांसाठी बॅगा ठेवते.’ रागावू नकोस, पण इथे मी थांबले. साडेबाराला प्रॅक्टिकल संपवून दमलेली पहिल्या वर्षाची एखादी मुलगी आत येते. तिला चार खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि त्यांच्यावर चार बॅगा. ती दाराशीच दोन मिनिटं घुटमळते आणि परत जिन्याकडे जाते. तिला हाकलणारं ऑफिसातलं कुणी नाही. तुझ्या मैत्रिणीची बॅग आहे. मी किल्लीची गोष्ट सांगितली ना, ती किल्ली अशीच कुणाच्याही हातात येते आणि हातात आहे हे कळतसुद्धा नाही. एखादी जागा फार आवडली की ती आपली वाटू लागते, आणि आपली वाटली की दुसऱ्याची राहत नाही. तू या खोलीसाठी काही करू म्हणतेस, तर सुरुवात तिसऱ्या खिडकीपासून कर. उद्यापासून बॅगा मांडीवर किंवा टेबलाखाली. चौघी एकत्र बसायला मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर दोघी इकडे, दोघी तिकडे. धडगावची मैत्रीण तुला मिळाली तेव्हा तीसुद्धा कुठल्या तरी रिकाम्या खुर्चीवरच येऊन बसली असेल.

कचऱ्याचं आणि नोटिशीचं बोलू. इथे मला तुझ्या गावाची आठवण येते, कारण तू पांझरेकाठची आहेस.

फड तुला माहीत असेल. नसेल तर घरात विचार. पांझरेच्या खोऱ्यात तीनशेहून अधिक वर्षं चाललेली पाणीवाटपाची रीत आहे ही. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले, ते फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुठल्या फडाला ऊस, कुठल्याला हंगामी पीक, कोणता पडीक ठेवायचा, हे गावाने मिळून ठरवायचं. नदीला पाणी किती आहे ते पाहून ठरवायचं. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट ही, की शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी घ्यायचं नाही. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्याची. देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला पिकातून. पाटात गाळ साचला की तो काढायला सरकारची वाट बघायची नाही, ज्यांची शेतं भिजतात त्यांनीच उतरायचं. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बांधावर आलं आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. पण इतकी वर्षं ही व्यवस्था तगली. पाणी सगळ्यांचं असूनही ते बेवारस झालं नाही.

तुमची खोली सध्या बेवारस झाली आहे. मावशी सकाळी झाडून जातात. दहा वाजेपर्यंत खोली लख्ख असते. बारानंतर डबे उघडतात, आणि पुढचे चार तास त्या खोलीचा पाटकरी कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. खरकटं टाकणारी मुलं वाईट आहेत असं मला वाटत नाही. आपल्यानंतर इथे कोण बसणार आहे हे त्यांना दिसत नाही, इतकंच. प्रत्येकाला वाटतं आपली गाडी लागली, पळा.

गाडीवरूनच मला एक उपाय सुचतो. कॉलेजात अशी कामं वर्गवार वाटायची पद्धत आहे. एफ.वाय. सोमवारी, एस.वाय. मंगळवारी. ते टिकत नाही, कारण त्या दुपारी त्या वर्गातले कितीजण थांबतात याला काही धरबंध नसतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या वेळापत्रकात तर एकाच वर्गातल्या मुलांचे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह वेगवेगळे. त्यांचे ऑफ तासही जुळत नाहीत. तुम्ही गाडीवार वाटा. दुपारी खोलीत जे बसतात ते गाडीची वाट बघत बसतात. पिंपळनेर गाडीची मुलं एकमेकांना वर्गापेक्षा जास्त ओळखतात, रोज दीड-दोन तास एकत्र प्रवास करतात, एकमेकांसाठी रुमाल टाकून सीट धरतात. तशीच शिरपूरची, दोंडाईचाची, सोनगीर-नरडाण्याची, कुसुंबा-नेरची. एकेका गाडीला एकेक वार द्या. देवपुरातली आणि धुळे गावातली मुलं बाराला घरी जातात म्हणून त्यांना सुटका नको, एक वार त्यांचाही.

काम मोठं नको. निघायच्या आधी दहा मिनिटं. टेबलं ओल्या फडक्याने पुसायची, खरकटं बाहेरच्या डब्यात, खुर्च्या जागेवर, पंखे बंद. माठ असेल तर झाकण आणि ओगराळं जागच्या जागी. बस. यापेक्षा जास्त ठरवलंत तर आठवड्यात मोडेल.

हे ठरवण्याआधी एका माणसाशी बोल. मावशींशी. त्यांना विचार, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? मी इथे बसून खरकटं म्हणते, त्या कदाचित सांगतील की टेबलाखाली चिकटवलेलं च्युइंगम, किंवा बेसिनमध्ये ओतलेली भाजी. बेसिन तुंबलं की हात त्यांनाच घालावा लागतो. जेवणानंतर डब्यातलं उरलेलं कुठे टाकायचं याची सोय आहे का, हेही त्यांनाच माहीत. बऱ्याचदा बाहेर डबाच नसतो आणि दोष मुलांना लागतो. त्यांना विचारल्याशिवाय केलेली कुठलीही व्यवस्था त्यांचंच काम वाढवून बसते.

तू विचारतेस, आभार कोणाचे मानू. बोलायला गेलीस की ते आपोआप होईल. त्यांना फूल नको देऊ, कार्यक्रम करून शाल तर मुळीच नको. मंचावर बोलावलेल्या मावशींच्या चेहऱ्यावरचा संकोच मी अनेकदा पाहिलाय. त्यांच्याजवळ बस. त्यांचं गाव विचार. संक्रांतीला जसा मैत्रिणींना तिळगूळ देतेस तसा त्यांनाही दे. मावशी त्या खोलीत कधी बसल्यात का, ते बघ. बहुतेक नसतील. झाडलेल्या खुर्चीवर झाडणारी कधी बसत नाही, आपल्याकडे ही खोड फार जुनी आहे. एखाद्या दुपारी त्यांना तुमच्या टेबलावर डबा उघडायला बोलव. तुझ्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा असेल, त्यांच्यात काय असेल ते तुम्ही खा.

रील्स मोठ्याने लावणाऱ्याचं फार मनावर घेऊ नकोस. एकट्याला गाठून, हळू आवाजात, नाव घेऊन सांग. दहातले आठ ऐकतात.

पण भिंतीवर सूचना चिकटवू नका. ‘कचरा करू नये’, ‘शांतता राखा’, ‘ही तुमचीच खोली आहे’, असले कागद दोन दिवसांत दिसेनासे होतात, डोळ्यांना सवय होते. आपल्या खानदेशात या बाबतीत एका माणसाने फार मोठं काम करून ठेवलंय. साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि पुढे तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या विस्कटलेल्या खोल्या झाडायचे, पांघरुणांच्या घड्या घालायचे, कपडे धुऊन ठेवायचे. बोलून दाखवायचे नाहीत. परत आलेल्या मुलांना खोली नीट दिसायची आणि मग ती आपली आपण आवरू लागायची. त्या मुलांसाठी ते हाताने लिहून छात्रालय दैनिक काढायचे. 1930 मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले, म्हणजे अमळनेरची ही सगळी वर्षं मोजून सहा. त्यांच्याइतकं करणं आपल्या कुणाच्या आवाक्यातलं नाही आणि मी तुला तसं सांगतही नाही. एवढंच घे की पहिल्या आठवड्यात पिंपळनेर गाडीचा वार आला की तू फडकं हातात घे आणि कुणाला काही म्हणू नकोस. कुणी विचारलं तर सांग, आज आमच्या गाडीची पाळी. आपोआप पुढचं वाक्य येईल, ‘मग आमची कधी?’

हे चालू असतानाच नोटिशीला उत्तर द्यायला हवं, आणि ते कागदावर. मी नोकरीत असताना नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेसाठी, माहिती गोळा करणाऱ्या समितीवर होते, म्हणून सांगते. कॉलेज कागदाला ओळखतं. ज्यांनी नोटीस काढली ते दुपारी दोनला त्या खोलीत बहुधा कधी आलेले नसतात. त्यांच्यापुढे येतो तो सकाळी सहाला दिसणारा कचरा आणि सफाईची तक्रार. खोलीत कोण बसतं, किती बसतं, का बसतं, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. ते पोचवणं, माझ्या मते, हेच त्या खोलीचे उपकार फेडण्याचं तुझं सगळ्यात मोठं काम.

एक आठवडा मोजणी कर. साडेबारा, दीड, अडीच, साडेतीन, चार वेळा खोलीत किती जण आहेत ते लिही. मुली किती, मुलं किती. अप-डाऊन करणारे किती. अभ्यास, डबा, जर्नल पूर्ण करणं, फॉर्म भरणं, नुसतं टेकणं, जे असेल ते लिही. नुसतं टेकणाऱ्यांना लपवू नकोस. पहाटे पाचला उठून आलेल्या मुलीने दुपारी टेबलावर डोकं टेकून पंधरा मिनिटं झोप काढली तर तिच्या प्रॅक्टिकलला त्याचा उपयोगच आहे. नावं कुणाचीही नकोत. मग साध्या मराठीत एक पानाचा अर्ज लिही. पहिल्या परिच्छेदात खोली दिल्याबद्दल आभार, आणि ते नेमके, म्हणजे काय काय झालं इथे. दुसऱ्यात आठवड्याचे आकडे. तिसऱ्यात चूक कबूल करा, कचरा झाला हे खरं आहे, आणि गाडीवार पाळ्या कशा सुरू केल्यात ते सांगा. शेवटी एकच मागणी, बाहेर झाकणाचा कचऱ्याचा डबा. कुलूप लावू नका अशी विनवणी करू नका, आकडे ते सांगतील.

अर्ज प्राचार्यांना, प्रत विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना. मुलींच्या बाजूने युवती सभेच्या मॅडमनाही दाखव. आणखी एक जागा आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 97 प्रमाणे संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. तुमच्याकडे परिषद असेल तर त्या दोघांना भेट आणि हा विषय बैठकीत मांडायला सांग. नॅकच्या सातव्या निकषातही मुलींसाठीच्या सोयी म्हणून सुरक्षा आणि समुपदेशनाच्या बरोबरीने कॉमन रूमची विचारणा झालेली आहे. वापरात असलेली, मुलांनी मनापासून कौतुक केलेली खोली ही कॉलेजला दाखवण्याजोगी गोष्ट असते. अर्ज वाचणाऱ्याला हे तुझ्याकडून शिकवल्यासारखं वाटू नये, पण तुला माहीत असू दे.

आणि त्या निमित्ताने शोध घे, ही खोली मुळात कुणाच्या डोक्यातून आली. स्टोअर रूम अशी रिकामी होत नाही. जुन्या उत्तरपत्रिका, मोडकी बाकं, बंद पडलेले पंखे, प्रत्येक वस्तूची नोंद काढून ती निर्लेखित करावी लागते. त्याला महिने जातात, आणि कुणीतरी एक माणूस त्या फायलीच्या मागे लागलेला असतो. एखाद्या मॅडम असतील, ज्यांनी स्वतः जिन्यात बसून दिवस काढलेत. एखादा क्लार्क असेल. माझ्या नोकरीच्या काळात आमच्या कॉलेजात मुलींच्या खोलीचं कुलूप कायमचं निघालं, ते एका शिपाईभाऊंमुळे. त्यांनी एके दिवशी किल्ली ऑफिसात परत ठेवलीच नाही, दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवली. कुणी विचारलं नाही आणि कुलूप पुन्हा लागलं नाही. त्यांना आम्ही कधी धन्यवाद म्हटलं नाही. ते निवृत्त होऊन गावी गेले आणि मग राहूनच गेलं. तुला जो माणूस सापडेल त्याला परीक्षेच्या आधी भेट.

जाताना खोलीला काही द्यायचं असेल तर घड्याळ किंवा फोटो देऊ नका. भिंतीवर एक कागद लावा, गाड्यांच्या वेळांचा. साक्री, पिंपळनेर, शिरपूर, दोंडाईचा, शिंदखेडा, कोणती गाडी किती वाजता, कोणती शनिवारी नसते, कोणती उशिरा येते, पास काढायच्या खिडकीवर गर्दी कधी कमी असते. सूचना नको म्हटलं मी, पण हा कागद जून-जुलैमध्ये नवीन आलेली प्रत्येक मुलगी वाचेल. आणि पहिल्या वर्षातली, तुमच्याच गाडीला येणारी एखादी मुलगी आत्ताच हेरून ठेव. पुढच्या वर्षी महाडीबीटीचा फॉर्म भरायला तिच्याजवळ कुणीतरी बसलेलं असायला हवं, आणि ते कसं करायचं हे तिला तू शिकवलेलं असायला हवं.

आता आप्पांचं. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांच्या डोळ्यांपुढे कट्टा म्हणजे चौफुलीवरची पानटपरी आहे, गाड्यांवर रेलून बसलेली पोरं आहेत. त्यांनी तुमची खोली पाहिलेली नाही, आणि तू लायब्ररी सांगून ती पाहायची संधीही दिलेली नाहीस. तोंडी समजावत बसलीस तर वाद होईल. आप्पा कांदा घेऊन किंवा खत-बियाण्याला धुळ्याला येत असतील. त्या दिवशी त्यांना सांग, दुपारी दोनला कॉलेजच्या गेटवर या, आपण एकाच गाडीने परत जाऊ. आधीच्या रात्री मात्र खरं सांगून टाक, की आप्पा, मी इतके दिवस लायब्ररी म्हणत होते, ती लायब्ररी नाही, दुसरी खोली आहे, उद्या दाखवते. ते रागावले तर रागावू देत. खोटं उघडं पडण्यापेक्षा तू उघड केलेलं त्यांना सोसेल. गेटवर सरांची किंवा मॅडमची परवानगी लागत असेल तर ती आदल्या दिवशीच घेऊन ठेव, म्हणजे आप्पांना बाहेर ताटकळावं लागणार नाही.

खोलीत आणलंस की तू काही सांगू नकोस. त्यांना बघू दे. कुणी जर्नल लिहितंय, कुणी डबा खातंय, एक पोरगी टेबलावर डोकं टेकून झोपलीय. तुझी धडगावची मैत्रीण येऊन त्यांना नमस्कार करेल. त्या दिवशी तिसऱ्या खिडकीजवळ बॅग ठेवून त्यांच्यासाठी जागा धरू नकोस. जिथे खुर्ची रिकामी असेल तिथे बसव, पाणी दे, आणि विचार, ‘आप्पा, तुम्ही लहान असताना आपल्या पाटाचा गाळ कोण काढायचं?’